बोट पुन्हा रंगवायची आहे? मग डबा सगळ्यात शेवटी निवडा

बोट रंगवायची ठरली की माणूस आधी शेडकार्ड मागवतो. मीही तेच केलं होतं. निळ्याच्या सहा छटा दिव्याखाली धरून रात्ररात्र बघत होतो, आणि आधीच्या मालकाने बोटीच्या बाजूंना नेमका कुठला रंग मारला होता याचा मला पत्ता नव्हता. नव्या टू पॅक, म्हणजे बेस आणि हार्डनर मिसळून लावायच्या, रंगाचा पहिला हात मारला आणि अर्ध्या तासात खालचा जुना थर वर आला. तापलेल्या दुधावरची साय बोटाने सरकवावी तशा सुरकुत्या, नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत. सगळं खरवडलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तेव्हापासून कुणीही विचारलं की मी क्रम उलटा सांगतो. आधी खाली काय आहे ते बघा. मग बोट कशी वापरता त्याचा विचार करा. मग रंगारी शोधा. त्याच्या हाताला जो रंग सरावाचा आहे तो घ्या, छटा सगळ्यात शेवटी. पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यांसाठी त्याच क्रमाने लिहितोय.

पायरी १: रंगाची खरंच गरज आहे का?

फायबरच्या नव्या बोटीवर बहुधा रंग नसतोच. दिसतो तो जेलकोट, म्हणजे रंगद्रव्य घातलेलं पॉलिएस्टर रेझिन. साच्यात सगळ्यात आधी त्याचाच थर देतात आणि त्यावर फायबर बसवतात. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. रंगाच्या थराच्या मानाने ही जाडी बरीच आहे. उन्हाने त्याचा वरचा पापुद्रा मरतो, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते आणि लोकांना वाटतं रंग गेला.

तळहाताएवढी जागा निवडा, शक्यतो सगळ्यात जास्त ऊन खाणाऱ्या बाजूची. १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यातून हलक्या हाताने फिरवा, मग २००० नंबरचा, मग रबिंग कंपाउंड आणि शेवटी पॉलिश. चमक आली आणि महिनाभर टिकली तर जेलकोट जिवंत आहे. संपूर्ण बोट घासून पॉलिश करा, वर मेण चढवा आणि रंगाचे पैसे वाचवा. एकदा रंगवलेली बोट पुढे कधीतरी पुन्हा रंगवावीच लागते, हे कुणी आधी सांगत नाही.

घासताना खालच्या फायबरची वीण दिसू लागली, किंवा सगळीकडे बारीक तड्यांचं जाळं असलं, तर मात्र रंगाला पर्याय नाही. फक्त क्लीटच्या (दोर बांधायच्या खुंटीच्या) किंवा रेलिंगच्या पायाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे असतील तर ते ऊन-पावसाचे नाहीत. तिथला भाग ओढीने वाकतोय. आतून आधार देऊन तो भाग आधी कडक करा. नाहीतर कितीही महागडा रंग मारा, एका हंगामात तेच जाळं तसंच्या तसं वर येईल.

पायरी २: खाली काय आहे ते शोधा

आधीच रंगवलेल्या बोटीचा इतिहास ठाऊक नसेल तर चिंधी विचारा. टू पॅक रंगासोबत येणाऱ्या कडक थिनरमध्ये सुती चिंधी भिजवा, बाजूवर ठेवा, वरून ॲल्युमिनियमची फॉइल आणि चिकटपट्टी लावून दहा मिनिटं तशीच राहू द्या. नंतर नखाने खरवडून बघा. रंग मऊ पडला, फुगला किंवा चिंधीला लागला तर तो सिंगल पॅक, म्हणजे हार्डनर न घालता लावायचा रंग आहे. त्याच्यावर टू पॅक चालणार नाही. एकतर सगळं काढा, नाहीतर सिंगल पॅकच मारा. काहीच फरक पडला नाही तर खालचा रंग बहुधा टू पॅक आहे आणि त्यावर नीट घासून काहीही बसतं. दहा मिनिटांची ही चाचणी मी तेव्हा केली असती तर माझे तीन आठवडे वाचले असते.

दुसरी चाचणी पकडीची. धारदार ब्लेडने दोन-तीन मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा, रंग पूर्ण कापला जाईल एवढ्या खोल. त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकटीच्या कडांचे कण निघाले तर हरकत नाही. चौकटीच्या चौकटी पट्टीला चिकटून आल्या तर जुना रंग पायापासून सुटलेला आहे. नवा रंग कितीही पक्का असला तरी तो जुन्याचा हात धरून उभा असतो. जुना पडला की तोही पडणार.

तिसरं काम कानाचं. प्लॅस्टिकच्या हातोडीने किंवा जाड नाण्याने सगळीकडे टकटक करत फिरा. भरीव आवाजाच्या मध्येच एखाद्या जागी पोकळ, मंद आवाज आला तर आतले थर सुटलेत किंवा गाभ्यात पाणी गेलंय. खडूने खूण करा. ही दुरुस्ती रंगाच्या आधीची आणि बहुधा वेगळ्या माणसाची.

फायबर सोडून बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. फळ्यांची लाकडी बोट पाणी पिते आणि वाळते, फळ्या हलतात. कडक टू पॅक रंग सांध्यांवर फुटतो, म्हणून तिथे लवचिक सिंगल पॅकच बरा. लाकडातला ओलावा १५ टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडूच नका. प्लायवूडवर इपॉक्सी (हार्डनर घालून कडक होणारं रेझिन) आणि काचकापड चढवलेलं असेल तर ती बोट रंगाच्या दृष्टीने जवळपास फायबरचीच. ॲल्युमिनियम घासलं की लगेच त्यावर ऑक्साइडचा नवा पापुद्रा येऊ लागतो, त्यामुळे जेवढं घासाल त्यावर त्याच दिवशी त्याचा खास प्रायमर गेलाच पाहिजे. लोखंडी बोटीला ब्लास्टिंगशिवाय, म्हणजे दाबाच्या हवेने खरखरीत कण मारून गंज काढल्याशिवाय, तरणोपाय नाही. 'एसए अडीच' दर्जाचा, म्हणजे जवळजवळ पांढरा दिसेपर्यंत साफ केलेला पृष्ठभाग मागा.

आणि एक रेघ आखा. बोटीत टाक्या भरलेल्या, माणसं-सामान चढलेलं असताना पाणी जिथवर येतं ती खरी पाणरेषा. तिच्या चार बोटं वरपर्यंत तळाची रंगव्यवस्था जाते, तिथून पुढे बाजूंची. बाजूंचा चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) रंग सतत पाण्याखाली राहिला की त्याला फोड येतात. जुन्या रेघेवर भरवसा ठेवू नका. दोन नव्या बॅटऱ्या आणि एक फ्रिज चढला की बोट बसते, रेघ तिथेच राहते.

तळाचा, म्हणजे शेवाळ आणि शिंपले बसू न देणारा रंग हा वेगळाच विषय आहे. इथे दोनच गोष्टी. त्यातले बरेच रंग तांब्यावर चालतात, आणि तांब्याचा रंग ॲल्युमिनियमच्या तळाला मारला तर तळच कुरतडला जातो. पूर्वी कथिलाच्या संयुगाचे रंग फार गुणी मानले जात, पण त्यांनी समुद्रातल्या शिंपल्यांचं आणि गोगलगायींचं इतकं नुकसान केलं की आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली त्यांच्या बंदीचा करार केला आणि तो २००८ मध्ये लागू झाला. फार जुन्या बोटीचा तळ कोरडा घासू नका. ती धूळ तांब्याची असते, कधी शिशाची आणि कथिलाचीही. पाणी घालून घासा, मास्क लावा, आणि गाळ गोळा करून टाका, पाण्यात सोडू नका.

पायरी ३: रंगाच्या जाती ओळखा

रंग म्हणजे एक डबा नव्हे. खड्डे भरायची लांबी (पुट्टी), तिच्यावर जाड थराचा इपॉक्सी प्रायमर, घासून सपाट केल्यावर बारीक पोताचा फिनिशिंग प्रायमर, मग वरचा रंग, आणि प्रत्येकाचा आपापला थिनर. हे सगळं मिळून रंगव्यवस्था. ती शक्यतो एकाच कंपनीची घ्या. लांबी एकाची, प्रायमर दुसऱ्याचा आणि दुकानात मिळाला तो थिनर असं केलं आणि पुढे फोड आले, तर तिन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात.

वरच्या रंगात मुख्यतः तीन जाती समोर येतील.

सिंगल पॅक: डबा उघडा आणि मारा. हवेतल्या ऑक्सिजनने वाळतो. लावायला सोपा, चुका पोटात घालतो, टचअप सहज होतो. चमक लवकर उतरते आणि कडकपणा कमी. इंटरलक्स कंपनीचा ब्राइटसाइड या जातीचा.

टू पॅक, पॉलिएस्टर जातीचा पीयू: बेस आणि हार्डनर मिसळायचे, मग रासायनिक क्रियेने तो कडक होतो. ऑलग्रिपचा मूळ टॉपकोट हा याचा नमुना. चमक वर्षानुवर्षं टिकते, डिझेल सांडलं तरी डाग पडत नाही. पण त्याची चमक सगळ्यात वरच्या पातळ पापुद्र्यात असते. कंपाउंड मारून घासलं की तो पापुद्राच जातो आणि तेवढी जागा कायमची मंद होते. ओरखडा पडला तर एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंतचा पूर्ण भाग रंगवावा लागतो.

टू पॅक, ॲक्रिलिक जातीचा पीयू: त्याच कंपनीचा ऑलक्राफ्ट २००० यातला. थोडा मऊ, रसायनांपुढे थोडा हळवा, पण वाळल्यावर घासून पॉलिश करता येतो. रंगवताना बसलेला डास किंवा धुळीचा कण काढता येतो, ओरखडाही विरवून मिटवता येतो. हा मुख्यतः स्प्रेनेच मारायचा असतो, रोलरच्या कामाचा नाही.

इपॉक्सी यात का नाही, असं विचाराल. खाली त्याच्यासारखा धरून बसणारा कुणी नाही, पण उन्हात तो काही महिन्यांत खडूसारखा होतो. म्हणून त्याची जागा कायम आत.

आता निवड कशी करायची? बोटीला पुढचा ओरखडा कधी पडणार हे विचारा. रोज धक्क्याला लागणारी, लहान होड्या बाजूला बांधून घेणारी, शिकाऊ हातात जाणारी बोट असेल तर दुरुस्त होणारा रंग घ्या, म्हणजे ॲक्रिलिक किंवा सरळ सिंगल पॅक. नांगरावर एकटी उभी राहणारी, वर्षातून थोडेच दिवस हलणारी बोट असेल तर पॉलिएस्टर जातीचा कडकपणा खरा उपयोगी पडतो. महाग म्हणजे चांगला, हा हिशेब इथे चालत नाही.

छटेबद्दल एकच मत देतो, पटलं तर घ्या. गडद रंग टाळा. गडद निळी बोट फोटोत राजेशाही दिसते, पण उन्हात तापते. तापली की खालच्या फायबरची वीण रंगातून उमटते आणि बाजूची प्रत्येक लाट, प्रत्येक जुनी दुरुस्ती आरशासारखी उघडी पडते. पांढरा रंग बराच कनवाळू आहे. मेटॅलिक रंगाला ठिगळ लावणं तर जवळजवळ अशक्य, कारण त्यातल्या चकाकत्या कणांची दिशा पुन्हा जुळत नाही.

पायरी ४: दहा मिनिटांचं गणित

रंगाऱ्याशी बोलण्याआधी स्वतः आकडे काढून ठेवा. दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ काढायला सोपी रीत अशी: लांबी अधिक रुंदी, गुणिले दोन, गुणिले पाण्यावरची सरासरी उंची. बोट ९ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि बाजू १ मीटर उंच असेल तर २४ चौरस मीटर.

आता रंगाच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधा: घन भाग (वाळल्यावर मागे उरणारा) किती टक्के आणि एका हाताचा कोरडा थर किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). घन भागाच्या टक्क्यांना दहाने गुणायचं आणि मायक्रॉनने भागायचं, की एका लिटरमध्ये किती चौरस मीटर होतील ते कळतं. घन भाग ५० टक्के आणि थर २५ मायक्रॉन असेल तर २० चौरस मीटर. म्हणजे २४ चौरस मीटरला एका हातासाठी सव्वा लिटरच्या आसपास, तीन हातांना ३.६ लिटर. हे कागदावरचं. स्प्रेमध्ये बराच रंग हवेत जातो. ४० टक्के वाया जातो असं धरलं तर ६ लिटर लागतील. कुणी तुम्हाला 'दोन लिटरमध्ये तीन हात' असं सांगत असेल तर तो एकतर हात मोजत नाही, नाहीतर थर.

ओला थर मोजायला कंगव्यासारखी छोटी पट्टी मिळते. ताज्या रंगात टेकवली की कुठल्या दातापर्यंत रंग लागला ते दिसतं. वरच्या उदाहरणात २५ मायक्रॉन कोरडा हवा तर ओला ५० पाहिजे. पण रंगात पाव भाग थिनर घातला की घन भाग ४० टक्क्यांवर येतो आणि मग ओला थर ६२ च्या पुढे लागतो. थिनर वाढवून रंग पुरवायची युक्ती इथेच पकडली जाते.

पायरी ५: रंगारी

इथे घाई करू नका, कारण खर्चाचा मोठा भाग डब्यात नसून घासण्यात जातो, आणि घासणं रंगाखाली झाकलं जातं. तुम्ही न दिसणाऱ्या कामाचे पैसे देत असता.

कालच रंगवलेली बोट दाखवली तर कौतुक करा आणि तीन-चार वर्षांपूर्वी रंगवलेली दाखवा म्हणा. नवा रंग सगळ्यांचाच छान दिसतो. जुनी बोट बघायला सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, ऊन तिरपं असताना. नाळेजवळ गाल बाजूला टेकवल्यासारखा धरून बोटीच्या लांबीच्या दिशेने बघा. समोरच्या खांबाचं प्रतिबिंब सरळ जातं की सापासारखं वळवळतं? वळवळलं तर भरलेली पुट्टी पेपर लावलेल्या आखूड फळीने घासली आहे. मग क्लीटच्या पायाशी, खिडकीच्या कोपऱ्यात, रेलिंगच्या मागे वाकून बघा. तिथे रंगाच्या कडा नखाला लागल्या किंवा उचलल्या गेल्या असतील तर त्याने सामान न काढता चिकटपट्टी लावून रंगवलं आहे.

हे मला अनुभवाने कळलं. माझ्या दुसऱ्या बोटीच्या वेळी एका रंगाऱ्याने 'सामान सांभाळून करतो' असं सांगितलं आणि मी मान डोलावली. सांभाळणं म्हणजे काढून ठेवणं असं मी समजत होतो, तो चिकटपट्टी समजत होता. पहिल्या हंगामाच्या शेवटी प्रत्येक क्लीटभोवती रंगाची कड ओठासारखी उलटली होती. त्या फटीतून पाणी आत आणि मग पोपडे. तो खोटं बोलला नव्हता. मीच विचारलं नव्हतं.

त्या बोटमालकांशी बोलता आलं तर 'काम कसं केलं' असं विचारू नका. सगळे 'चांगलं' म्हणतात. ठरलेल्या तारखेपासून किती उशीर झाला, आणि उशीर होणार हे कुणी आधी सांगितलं, ते विचारा.

रंगारी तुम्हाला काय विचारतो यावरूनही बरंच कळतं. बोट किती लांब एवढंच ऐकून फोनवर आकडा सांगणाऱ्याला नमस्कार करा. चांगला माणूस येतो, टकटक करतो, ओलाव्याचं मीटर लावतो, मागे कुठला रंग होता ते विचारतो आणि बहुतेक वेळा 'खरवडल्याशिवाय सांगता येणार नाही' असंही म्हणतो. हे ऐकायला आवडत नाही, पण तेच खरं असतं. गाड्या रंगवणारा कारागीर स्वस्तात मिळतो आणि त्याचा स्प्रेचा हातही सुंदर असतो, पण नऊ मीटरची वक्र बाजू लांब फळीने सपाट करणं ही वेगळी विद्या आहे.

त्याची जागा बघा. बंद शेड आहे की उघडं अंगण? शेजारी कुणी वेल्डिंग करतंय, लोखंड घासतंय? धूळ उडू नये म्हणून रंगवण्याआधी जमीन ओली करतात का? कोपऱ्यात सिलिकॉनचे स्प्रे पडलेत का? सिलिकॉनचा किंवा मेणाचा अंश पृष्ठभागावर राहिला की तिथून रंग पळतो आणि गोल गोल खळगे पडतात. पुढचा हात मारून ते बुजत नाहीत.

आणि त्याचा मास्क बघा. टू पॅक पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. स्प्रे करताना त्याचे बारीक कण फुफ्फुसात गेले तर कायमचा दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं निर्माण झालं की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही झटका येतो. वासाने ते कळत नाही, म्हणून डबीवाल्या साध्या मास्कवर विसंबता येत नाही. स्प्रेसाठी नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. नाकाला रुमाल बांधून टू पॅक उडवणाऱ्याला काम देऊ नका. त्याच्या जिवासाठी तर नकोच, शिवाय स्वतःच्या फुफ्फुसाबाबत जो माहितीपत्रक वाचत नाही तो तुमच्या प्रायमरबाबत कशाला वाचेल?

एवढं सगळं जुळलं की मग विचारा, 'तुमचा हात कशावर बसलाय?' तो जी व्यवस्था सांगेल ती तुमच्या गरजेच्या जातीत बसत असेल तर तीच घ्या. तुम्ही वाचून आणलेला उत्तम रंग त्याने पहिल्यांदा तुमच्या बोटीवर मारून शिकावा, यात शहाणपण नाही. कुठलं थिनर किती उन्हात किती घालायचं हे पत्रकावर अर्धं असतं, उरलेलं मनगटात.

पायरी ६: कागदावर उतरवा

'बोट रंगवणे' एवढंच लिहिलेला कागद निरुपयोगी आहे. कुठला प्रायमर, कुठला रंग, किती हात, कोरडा थर किती, शेवटचा प्रायमर कुठल्या नंबरच्या पेपरने घासणार (वरच्या रंगाआधी ३२० ते ४०० साधारण बरोबर) हे नावानिशी लिहा. कुठलं सामान काढायचं, कुणी काढायचं, परत बसवताना नवं सीलंट कुणाचं, हेही. काचा, लाकूड आणि शेजारच्या बोटींवर उडणाऱ्या रंगाची जबाबदारी कुणाची, तेही.

खरवडल्यावर आत काही निघालं तर काम थांबवून तुम्हाला दाखवायचं आणि कुठल्या दराने करायचं, हे आधीच ठरवा. भांडणं नव्वद टक्के वेळा इथेच होतात, असं मी म्हणेन. हा माझा अंदाज, कुणाचा अहवाल नव्हे.

तीन टप्प्यांवर तुम्ही बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही: खरवडून झाल्यावर, पुट्टी घासून झाल्यावर, आणि शेवटचा प्रायमर घासून झाल्यावर. यातला तिसरा महत्त्वाचा. त्या दिवशी बाजूवर पाणी मारा आणि ओलं असताना तिरकं बघा. पाण्याने तात्पुरती चमक येते आणि प्रत्येक खड्डा दिसतो. जे तेव्हा दिसतं ते वरच्या रंगात दुपटीने दिसणार. पैशांचे हप्तेही याच टप्प्यांना बांधा.

चमकीची तक्रार किती अंतरावरून बघून करायची, तेही लिहून ठेवा. दीड मीटरवरून दिवसाच्या उजेडात दिसेल तो दोष, असं काहीतरी. भिंग घेऊन फिरणारा मालक आणि दहा पावलांवरून दाखवणारा रंगारी, दोघांनाही त्याने आळा बसतो.

पायरी ७: स्वतःच करणार असाल तर

स्प्रेच्या वाटेला जाऊ नका. रोलरने पातळ थर द्यायचा आणि दुसऱ्याने लगेच मागोमाग कोरड्या मऊ ब्रशचं टोक हलकेच फिरवून बुडबुडे फोडायचे, ही रीत घरच्या माणसांना जमते. इंटरलक्सचा परफेक्शन हा टू पॅक अशा कामासाठीच बनवलेला आहे. दोघं लागतात आणि दोघांनी कामाच्या मध्ये बोलायचं नाही. ओली कड वाळायच्या आत पुढचा पट्टा जोडला गेला पाहिजे. ब्रशने मारतानाही हातमोजे, मोकळी हवा आणि रंगाची वाफ अडवणारा मास्क हवाच.

क्रम चुकवू नका: आधी मेण आणि तेल काढायचं, नंतर घासायचं. उलटं केलं तर मेण पेपरने खोल चेपलं जातं. एका चिंधीने सॉल्व्हंट लावा आणि तो उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या चिंधीने पुसा. एकच चिंधी फिरवली तर मेण फक्त जागा बदलतं. मग पाणी ओता. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर साफ, थेंब थेंब होऊन फाटला तर पुन्हा पुसा. इपॉक्सी वाळल्यावर कधी कधी चिकट, मेणचट थर येतो. तो सॉल्व्हंटने जात नाही, साध्या पाण्याने आणि खरबरीत स्पंजाने धुवा, मगच घासा.

हवा मोजा. बोटीचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सियस गरम असावा आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. सकाळचं दव वाळल्यावर सुरू करा आणि दुपार कलायच्या आत ब्रश धुवा. एकदा शेवटचा हात मी संध्याकाळी पाचला मारला, कारण वारा पडला होता आणि रंग काचेसारखा बसत होता. रात्री दव पडलं. सकाळी डावी बाजू काच आणि उजवी बाजू ताकासारखी. टू पॅक पीयू वाळत असताना ओल लागली की हार्डनर पाण्याशीच संसार मांडतो आणि चमक जाते. उजवी बाजू घासून पुन्हा केली.

पायरी ८: रंग झाल्यावर

हाताला वाळलेला रंग आतून वाळलेला नसतो. टू पॅक पूर्ण कडक व्हायला हवामानानुसार आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर फेंडर (धक्का झेलायला बाजूला लटकवायच्या उशा) बांधू नका, ट्रेलरचे पट्टे आवळू नका, पाण्यात सोडायची घाई करू नका. मास्किंगची पट्टी मात्र उलट, रंग हाताला कोरडा लागला की लगेच काढा, नाहीतर कड फाटते.

पुढे सौम्य साबण आणि गोडं पाणी पुरतं. पॉलिएस्टर जातीच्या रंगावर कंपाउंड लावू नका, कुणी फुकट चमकवून देतो म्हणालं तरी. ॲक्रिलिकला चालतं, तेही कधीतरीच.

उरलेला बेस आणि हार्डनर मागून घ्या, बंद डब्यात, बॅच नंबरासकट. आणि एखाद्या लॉकरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा: प्रायमरचं नाव, रंगाचं नाव, किती हात, कुठल्या महिन्यात. माझ्या बोटीत ते आता चार ओळींत लिहिलेलं आहे. ती विकली तर पुढच्या माणसाला थिनरची चिंधी घेऊन बसावं लागणार नाही.